निरगुडीला काय विचारायचं?

भोर-वेल्ह्यात अंगदुखीलाही हंगाम आहे. आषाढात भाताची लावणी सुरू झाली, की चिखलाच्या खाचरात दिवसभर वाकून तरवे रोवणाऱ्या बायांच्या कमरा, गुडघे आणि बोटांचे सांधे बोलू लागतात. पाऊस सरला की डोंगरातून मोळ्या उतरवताना मान आणि टाचा. चैत्र-वैशाखात पाण्याचे हंडे वाहताना खांदे. तोरणा, राजगड, रोहिडा, रायरेश्वर ही नावं मराठी माणसाला पाठ असतात. त्या गडांच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर जन्म काढणाऱ्यांची शरीरं किती झिजतात, हे मात्र गड पाहून संध्याकाळी पुण्याला परतणाऱ्याच्या नजरेस पडत नाही.

मी औषधशास्त्र शिकवते. वेदनाशामक वनस्पतींची चाचणी हा माझ्या कामाचा मुख्य भाग. त्यासाठी भोर आणि वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका, इथल्या गावांत जाणं, जाणत्या माणसांशी बोलणं, वनस्पती गोळा करणं आणि प्रयोगशाळेत त्या तपासणं हे सगळं करत आले. या कामातून एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. चाचणी खरी व्हायची असेल, तर झाडाला तोच प्रश्न विचारला पाहिजे ज्याचं उत्तर ते झाड इथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या देत आलं आहे. आणि आलेलं उत्तर, ते हो असो की नाही, त्याच माणसांपर्यंत परत गेलं पाहिजे.

गावात ‘वेदनाशामक’ असं सगळ्या दुखण्यांवरचं एक औषध नसतं. सुजेवर आणि सांधे धरण्यावर निरगुडी: पानं तव्यावर गरम करायची, फडक्यात गुंडाळायची आणि शेकायचं. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यातही निरगुडीच्या डहाळ्या उकळतात. गुडघ्यावर तेल लावलेलं रुईचं नाहीतर एरंडाचं पान बांधतात. जुनाट सांधेदुखीला पारिजातकाच्या पानांचा काढा. मुरगळलं, हाड दुखावलं तर कांडवेलीचा लेप. दाढ ठणकायला लागली तर अक्कलकाढ्याचं पिवळं बोंड दाढेखाली धरायचं. प्रत्येक वनस्पतीला तिचं दुखणं ठरलेलं आहे, भाग ठरलेला आहे आणि वापरायची रीतही ठरलेली आहे.

प्रयोगशाळेच्या दारात मात्र यातलं बरंच काही गळून पडतं. नेहमीची वाट अशी: पानं सावलीत वाळवा, दळा, सॉक्सलेट यंत्रात अल्कोहोलने अर्क काढा, तो उंदराला तोंडाने पाजा, दोन-तीन ठरलेल्या चाचण्या करा आणि ‘अमुक वनस्पतीच्या पानांच्या अर्काचा वेदनाशामक परिणाम’ अशा मथळ्याचा निबंध छापा. असे निबंध ढिगाने आहेत. त्यांतल्या आकड्यांना माझा आक्षेप नाही. पण जे पान माणसं अंगावर शेकतात, ते वाळवून पोटात दिलं तर आपण त्याच औषधाची परीक्षा घेतली का, हा प्रश्न मला सोडत नाही.

वेल्ह्याच्या बाजूला एका आजींकडून निरगुडीचा शेक समजून घेत होते. त्यांनी जून पानं निवडली, कोवळी बाजूला टाकली. मग म्हणाल्या, “बाई, वास सुटंस्तवर पान तव्यावर ठेवायचं. वास गेल्यालं पान शेकायला घेऊ नगा.” निरगुडीच्या पानात उडून जाणारं तेल असतं. हवेत वाळवताना त्यातलं काही जातं, आणि अर्क आटवताना राहिलेल्यातलंही बरंच उडून जातं. म्हणजे आजी जे वास गेलेलं पान घेऊ नका म्हणत होत्या, जवळपास तेच आम्ही तपासायला घेणार होतो. श्रीलंकेतल्या अभ्यासकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात निरगुडीच्या ताज्या, जून पानांचा अर्क घेतला होता आणि उंदरांमध्ये सूज व वेदना दोन्ही कमी झाल्याचं नोंदवलं होतं. तो निबंध मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला देते. आकड्यांपेक्षा त्यातली ‘ताजी’ आणि ‘जून’ ही दोन विशेषणं त्यांनी लक्षात ठेवावीत, यासाठी.

वनस्पती हातात आली की पहिलं काम तिची ओळख. फांदी, पान, फूल, शक्य तर फळ असा नमुना दाबून वाळवायचा, जागा आणि तारीख लिहायची आणि तज्ज्ञांकडून नाव पक्कं करून घ्यायचं. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे, आघारकर संशोधन संस्थेतही वनस्पतिसंग्रह आहे, ही आमच्या भागाची मोठी सोय. विद्यार्थ्यांना ही पायरी कंटाळवाणी वाटते. त्यांना मी रास्नेचं उदाहरण देते. वातविकारांवर ग्रंथांनी गौरवलेली रास्ना उत्तरेत प्लुचिया नावाचं झुडूप आहे, बंगालमध्ये झाडावर वाढणारं व्हांडा हे आमर आहे, आणि केरळात आल्याच्या कुळातल्या अल्पिनियाचा कंद आहे. तिघांची कुळं वेगळी, रसायनं वेगळी. बाजारातून ‘रास्ना’ आणून केलेली चाचणी कुणाची चाचणी म्हणायची? नमुना जपलेला नसेल, तर पुढचं सगळं काम अधांतरी राहतं.

आता प्राणिगृहाबद्दल. वेदना मोजायची तर वेदना द्यावी लागते. हे वाक्य मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांसमोर मोठ्याने म्हणते, कारण ते न म्हणता काम सुरू केलं तर हात निबर होतात. १९४४ मध्ये वुल्फ आणि मॅकडोनाल्ड यांनी मांडलेल्या हॉट प्लेट पद्धतीत पांढरा उंदीर साधारण ५५ अंश सेल्सिअस तापमानाच्या तबकडीवर ठेवतात. तो पंजा चाटतो किंवा उडी मारतो, तो क्षण घड्याळावर टिपायचा. औषधामुळे ही वेळ लांबली, तर वेदना उशिरा जाणवली असं मानतात. पण सुमारे १५ सेकंद झाले की त्याने काही केलेलं असो वा नसो, त्याला उचलायचंच, नाहीतर पंजा भाजतो. दुसऱ्या एका पद्धतीत पोटात सौम्य ॲसेटिक ॲसिड टोचतात आणि उंदीर पोट आकसून मागचे पाय किती वेळा ताणतो ते मोजतात. ही चाचणी फार हळवी आहे. वेदनाशामक नसलेली कितीतरी द्रव्यंही तिच्यात उत्तीर्ण होतात. केवळ तिच्या बळावर कुठल्याही पाल्याला वेदनाशामक ठरवू नये.

मला सर्वांत जास्त शिकवलं ते फॉर्मलिन चाचणीने. ती १९७७ मध्ये द्युब्युसाँ आणि डेनिस यांनी मांडली. पंजात फॉर्मलिनचा थेंब टोचला की पहिली सुमारे ५ मिनिटं उंदीर पंजा सारखा चाटतो. मग थोडा वेळ शांत राहतो. आणि साधारण १५ ते ३० मिनिटांच्या दरम्यान पुन्हा चाटू लागतो. पहिली वेदना नसांना थेट झालेल्या दंशाची, दुसरी मुख्यतः सुजेची. मॉर्फिन दोन्ही टप्पे दाबतं. ॲस्पिरिनच्या जातीची औषधं मुख्यतः दुसऱ्या टप्प्यात काम दाखवतात. गावाची वाटणी इथे आठवते. निरगुडी सुजेसाठी आणि आखडलेल्या सांध्यांसाठी आहे. ताज्या घावावर कुणी ती बांधत नाही. मग तिला दुसऱ्या टप्प्यातला प्रश्न विचारायला हवा. ती हॉट प्लेटवर नापास झाली, तर त्यावरून तिला निकामी म्हणता येत नाही. अक्कलकाढ्याचं तसंच. त्याच्या बोंडात स्पायलँथॉल असतं, जिभेला झिणझिण्या आणून बधिर करणारं. त्याला विचारायचा प्रश्न एवढाच, की जिथे ते लागतं तिथली संवेदना ते किती आणि किती वेळ बोथट करतं. ते पोटात पाजून तबकडीवर उंदराच्या उडीची वाट पाहण्यात अर्थ नाही.

चाचणीत चकवेही असतात. झोप आणणारा अर्क दिला की उंदीर सुस्तावतो, पंजा चाटत नाही, आणि कागदावर तो वेदनाशामक ठरतो. म्हणून त्याच अर्काची फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची चाचणीही घ्यावी लागते. कोणत्या पिंजऱ्याला औषध दिलं आणि कोणत्याला नुसतं पाणी, हे मोजणाऱ्याला माहीत असता कामा नये. आपल्या झाडावर आपला जीव असतो, आणि जीव असलेले डोळे हवं ते पाहतात. बोट घड्याळाच्या बटणावर अर्धा सेकंद उशिरा दाबायला तेवढंच पुरतं.

या कामाला कायद्याची चौकट आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा, प्रयोगांवर देखरेख ठेवणारे १९९८ चे नियम आणि प्रत्येक संस्थेतली प्राणी नीतिसमिती. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही पायाभूत आहे: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग शोधा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांचा त्रास कमी करा. यात माझी एक भर आहे. ज्या प्रयोगाचा प्रश्नच चुकीचा आहे, त्यात उंदराने सोसलेलं सगळं वाया जातं. म्हणून नीतिसमितीपुढे अर्ज जाण्याआधी मी विद्यार्थ्यांना गावात पाठवते. हे पान माणसं कशासाठी, कसं आणि केव्हा वापरतात हे ज्याला सांगता येत नाही, त्याने प्राण्याला हात लावू नये.

मात्रेचा हिशेबही तितकाच बोलका आहे. समजा, एखादा अर्क उंदराला किलोमागे ४०० मिलिग्रॅम दिल्यावर गुण दिसला. उंदराच्या मात्रेवरून माणसाची अंदाजे मात्रा काढताना सुमारे १२.३ ने भागतात. म्हणजे किलोमागे साडेबत्तीस मिलिग्रॅम, ६० किलोच्या माणसाला जवळपास २ ग्रॅम अर्क. वाळलेल्या पानांतून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर २० ग्रॅम सुकी पानं. हे अजून माणसाच्या आवाक्यातलं आहे. पण कित्येक निबंधांत याच्या अनेक पटींनी मात्रा दिलेली असते. तेवढा पाला कुणी जन्मात काढा करून पिणार नाही. हा हिशेब मी फळ्यावर मांडते तेव्हा उत्साहाने आणलेले निष्कर्ष बरेचदा आपोआप नरम होतात.

उंदरावरून माणसावर येताना पुणे जिल्ह्यातच एक मोठं काम उभं आहे. इंदापूर तालुक्यातल्या भिगवणमध्ये १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना असं दुखणं होतं. पुढे सीएसआयआरच्या राष्ट्रीय प्रकल्पात डॉ. भूषण पटवर्धन, डॉ. अशोक वैद्य आणि डॉ. चोप्रा यांच्यासारख्यांनी वाटच उलटी धरली: जे औषध माणसं आधीपासून घेत आहेत त्याची आधी माणसांमध्ये काटेकोर पाहणी करायची, आणि ते कसं काम करतं हे मागाहून प्रयोगशाळेत शोधायचं. गुळवेल, सुंठ, आवळा आणि सालईचा डिंक यांवर आधारलेल्या औषधांची गुडघ्याच्या झिजेच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी झाली. तुलनेला ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब होती. २०१३ मध्ये निष्कर्ष आले: वेदना आणि हालचाल या बाबतींत आयुर्वेदिक औषधं त्यांच्या तोडीस तोड ठरली. त्याच निबंधात हेही लिहिलं आहे की काही रुग्णांमध्ये यकृताशी संबंधित एसजीपीटीची पातळी वाढलेली आढळली. गुण आणि धोका एकाच पानावर लिहिण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

त्या कामातली आणखी एक गोष्ट मला आमच्या डोंगराच्या जवळची वाटते. गुडघेदुखी मोजण्याची परदेशी प्रश्नावली पुण्याच्या संधिवात केंद्राने आपल्याकडच्या जगण्याला धरून बदलून घेतली. मांडी घालून बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, असे प्रश्न तिच्यात आले. वेल्ह्याच्या बाईला ‘शून्य ते दहा यांत तुमचं दुखणं किती?’ असं विचारलं तर ती संकोचाने काहीतरी आकडा सांगते. ‘खाचरात वाकल्यावर पाठ किती वेळाने सरळ करावी लागते? चुलीपुढून हात न टेकता उठता येतं का?’ असं विचारलं, की ती नेमकं, तपशीलवार आणि न चुकता सांगते.

तपासण्याचा आग्रह मी धरते तो परंपरेवर अविश्वास आहे म्हणून नव्हे. न तपासलेल्या औषधाची किंमत याच लोकांना मोजावी लागते. बिब्ब्याचंच पाहा. दुखऱ्या जागी बिब्ब्याचं तेल लावल्यावर मूळ दुखणं काही काळ मागे पडतं, पण बिब्बा उतला की कातडी फोडांनी भरून जाते. शोधनाशिवाय तो हाताळूच नये असं ग्रंथही सांगतात. सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याचं वेळोवेळी उघड झालं आहे. पुडी घेताच गुडघे मोकळे होतात, आणि काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. दुकानातून सहज मिळणारी वेदनाशामक गोळी लावणीच्या दिवसांत रोज उपाशीपोटी घेतली तर पोट आणि मूत्रपिंड धोक्यात येतात. आमच्या चाचण्यांत तुलनेसाठी वापरतो ते डायक्लोफेनॅक जनावरांना दिल्यामुळे आणि ती मेलेली जनावरं खाल्ल्यामुळे देशातली गिधाडं संपत आली. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. दुखणं थांबवणारी वस्तू कुणाकुणापर्यंत पोहोचते, हे सह्याद्रीच्या कड्यांवर काम करणाऱ्याने विसरता कामा नये.

गुण सिद्ध झाला तरी जबाबदारी संपत नाही, वाढते. नरक्याची गोष्ट समोर आहे. १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलेलं कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य सह्याद्रीतल्या नरक्यातही आहे, हे १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं. त्यानंतर मागणी आली आणि जंगलांतून नरक्याची बेसुमार तोड झाली. निरगुडी बांधाबांधावर उगवते, छाटली तरी फुटते. तिची काळजी नाही. पण ज्या औषधाला मूळ, साल किंवा कंद लागतो, त्याचा निष्कर्ष छापण्याआधी ते झाड कुठे आणि किती आहे हे पाहिलं पाहिजे. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्याखाली गावोगावी समित्या आणि लोक-जैवविविधता नोंदवह्या आहेत. माहिती कुणी दिली याची नोंद तिथे राहावी आणि त्यातून काही लाभ झालाच तर त्यात गावाचा वाटा असावा, असा त्यामागचा हेतू आहे. तो कागदावर राहू नये म्हणून संशोधकानेच गावाच्या बाजूने उभं राहायला हवं.

म्हणून आम्ही आमचं काम गावात परत नेतो. साध्या मराठीत सांगतो: शेक घ्या, पण बधिर झालेल्या किंवा साखरेचा विकार असलेल्या पायावर जपून, कारण भाजलेलं कळत नाही. बिब्बा स्वतः लावू नका. नाव नसलेली पुडी घेऊ नका. सांधा लाल होऊन ताप आला, पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, तर पाला बांधत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि हेही सांगतो, की उंदरामध्ये दिसलेला गुण म्हणजे तुमच्या गुडघ्याची हमी नव्हे. हे ऐकून कुणी नाराज होत नाही. उलट, खरं सांगणाऱ्याला पुढची माहिती मोकळेपणाने मिळते.

निरगुडीला विचारायचा मुख्य प्रश्न अजून बाकी आहे. शेकाने बरं वाटतं त्यात उबेचा वाटा किती, शेकणाऱ्या हाताचा किती आणि पानाचा किती? त्यासाठी लावणीच्या दिवसांत, गावातच, बायांच्या संमतीने आणि नीतिसमितीच्या परवानगीने दोन गट हवेत: एकाला निरगुडीचा शेक, दुसऱ्याला तितक्याच उबेचा दुसऱ्या निरुपद्रवी पानाचा. वास लपवणं अवघड आहे, पण त्यावर उपाय शोधता येईल. मोजायचं ते त्यांच्याच मापाने: वाकून किती वेळ काम झालं, रात्री झोप लागली का, सकाळी हात न टेकता उठता आलं का. उत्तर ऊब असं आलं, तर पाणी तापवण्याची सोय हाच इथला उपचार ठरेल. पान असं आलं, तर ते ताजं, जून आणि वास असलेलंच हवं, हे वैद्यकाच्या पुस्तकात लिहिता येईल. दोन्ही उत्तरं खाचरात राबणाऱ्या बायांच्या कामाची आहेत, आणि दोन्ही त्यांना सांगण्याची तयारी असेल तरच ही चाचणी सुरू करण्याचा आम्हाला अधिकार आहे.